उपकारस्तुतीचा शनिवार

आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरगुती भक्ती दोन प्रकारची असते. सांत्वनाची असेल तर घरधनी भिंतीला टेकून खाली बसलेला असतो. त्यानं काही बोलायचं नसतं, लोकच त्याच्यासाठी बोलतात. उपकारस्तुतीची असेल तर गाणी झाल्यावर पाळक त्याच्याकडे बघतात आणि त्याला उभं राहावं लागतं. देवानं आपल्याशी काय चांगलं केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. नोकरी लागली, मूल झालं, घरावर स्लॅब टाकून झाला, ऑपरेशन पार पडलं. लाजाळू माणसं दोन वाक्यांत उरकतात, पण उभं राहणं चुकत नाही, आणि लोकांनी आमेन म्हणेपर्यंत खाली बसता येत नाही.

माझ्या बायकोनं तिच्या बरं होण्याची उपकारस्तुती एका शनिवारी ठरवली होती. त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी ती गेली.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. ती महागाव तालुक्यातली, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची, बंजारा घरातली. नर्सिंग शिकायला इथे आली, होस्टेलमधल्या मुलींबरोबर रविवारी उपासनेला येऊ लागली, आणि पुढे स्वतः निर्णय घेऊन तिनं बाप्तिस्मा घेतला. माहेरचं दुसरं कुणीच तिच्या मागे आलं नाही. तिच्या आईला मीही तिच्यासारखंच याडी म्हणतो. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. याडी आमच्या लग्नाला आली, जेवली, आहेर केला. पण नंतर आमच्या घरी कुठलीही भक्ती असली की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. भांडण नव्हतं. ‘तुमचं तुमच्यापाशी, आमचं आमच्यापाशी,’ एवढंच ती म्हणायची. बायकोला ते लागायचं. माझ्याजवळ बोलून दाखवायची नाही, पण प्रत्येक वेळी बोलावणं मात्र धाडायची.

फेब्रुवारीत तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी आहे असा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरांच्या केबिनबाहेर ती एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडून हसली. घरी आल्यावर तिला भूक लागायला लागली. ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा मागून घेऊन खायची. मी म्हणालो, ठेचा नको, टाके ओले आहेत. त्यावर म्हणाली, ‘टाके पोटाले हायेत, जिभेले नाई.’

त्याच दिवसांत तिनं उपकारस्तुतीचं काढलं. मी म्हणालो, महिनाभर थांबू, अंगात जरा ताकद येऊ दे.

‘आभार म्हंजे काय तुमच्या लायब्ररीचं पुस्तक हाय का, मुदत पाहून परत करायले?’

‘लोकांची ऊठबस तुला झेपणार नाही.’

‘मले नाई झेपलं तं तुम्ही करा. उभं तुम्हालेच राहा लागते. मी पलंगावरून ऐकतो.’ आणि मग हसून, ‘दोन वाक्यांत उरकायचं नाई बरं का. चांगलं पाच मिनिटं बोलायचं. मले सगळं ऐकाचं हाय.’

देव चांगला आहे हे वाक्य ती उन्हं तापली आहेत म्हणावं तसं म्हणायची. त्यात काही सिद्ध करायचं नसायचं. मी तेच वाक्य वाचून शिकलो होतो, त्याची बाजू मांडायला शिकलो होतो, त्यावरच्या शंका आणि त्या शंकांची उत्तरं मला क्रमानं येत होती. ती मला चिडवायची, ‘तुमचा देव लय गुमसुम हाय. माहा बोलते.’

तिनं आईला फोन लावला. मी शेजारीच होतो. ती गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलत होती, मला निम्मं कळत होतं. याडीला काम सुचायच्या आत तिनं सांगून टाकलं की ही भक्ती माझ्या जिवाची आहे, हिला नाही आलीस तर मी काय ते समजेन. मग याडी येईन म्हणाली. फोन ठेवून बायको दोन्ही हात तोंडावर घेऊन बसून राहिली. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं, म्हणाली. लगेच मंडळीच्या ग्रुपवर तिनं स्वतः निरोप टाकला. त्याखाली आमेन, आमेन, आमेन अशी रांग लागली.

सोमवारी सकाळी ती अंगणात खुर्चीवर बसून केस विंचरत होती. मी आत चहा गाळत होतो. कंगवा फरशीवर पडल्याचा आवाज आला. बाहेर आलो तेव्हा तिला श्वास लागला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, पण घाबरलेली नव्हती. स्वतः नर्स असल्यामुळे काय होतं आहे ते तिला कळलं असावं. रिक्षात बसेपर्यंत ती शुद्धीवर होती. दवाखान्याच्या दारात नव्हती. पायातून रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशननंतर क्वचित होतं, कुणाची चूक नसते, म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. मी त्यांचे आभार मानले.

त्याच ग्रुपवर माझ्या बहिणीनं दुसरा निरोप टाकला. त्याखालीही आमेन, आमेन, आमेन.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. याडी तांड्यावरच्या चार माणसांना घेऊन जीपनं आली. जुन्या पद्धतीची कांचळी, आरशांचा घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. दफनभूमीत ती सगळ्यांपासून अंतर ठेवून उभी होती. तिच्याकडे लग्न झालेल्या माणसाला अग्नी देतात. मातीत ठेवतात ते लहान लेकरांना. पेटी खाली जाताना ती एकदा पुढे आली, खड्ड्यात बघितलं, आणि मागे सरकली. रडली नाही. आमच्या मंडळीतल्या बायका आपसांत म्हणाल्या, म्हातारी दगड झाली. जीपमध्ये बसताना तिनं मला जवळ बोलावलं.

‘जवाईबापू, शनवारचा तो कारेक्रम हाये ना?’

मी म्हणालो, ‘याडी, तो आता...’

‘मी येतो,’ ती म्हणाली. ‘शब्द देल्ला होता तिले.’

जीप निघून गेली आणि मी तिथेच उभा राहिलो. भक्ती रद्द करणं सोपं होतं, कुणीही समजून घेतलं असतं. पण बायकोनं आयुष्यभर जी एक गोष्ट मागितली ती तिच्या पश्चात चालत आमच्या दारी येणार होती, आणि दार लावून घेण्याचा अधिकार मला नव्हता. आणि दार उघडं ठेवलं तर मला उभं राहावं लागणार होतं. जिची लेक आत्ता मातीत गेली त्या बाईसमोर उभं राहून, देवानं आमच्याशी चांगलं केलं असं म्हणावं लागणार होतं. तिनं आमच्या देवाबद्दल आमच्या घरात ऐकलेलं ते पहिलं वाक्य असणार होतं.

तो आठवडा कसा गेला ते मला सलग आठवत नाही. पुस्तकं उघडली, मिटली. देव चांगला आहे म्हणजे तो आपल्या मनासारखं करतो असं नाही, हे रविवारच्या वर्गात मोठ्या मुलांना मीच शिकवलेलं. ते खोटं आहे असं मला आजही म्हणता येत नाही. पण त्याचा काही उपयोग होत नव्हता. मी ते वेगवेगळ्या बाजूंनी धरून बघितलं, ते हातात राहत नव्हतं. देव नाहीच, असंही मला म्हणता येईना. तसं म्हणता आलं असतं तर सुटलो असतो, मग विचारायला कुणी उरलं नसतं. माझी अडचण तो आहे हीच होती. ती केस विंचरत होती तेव्हा तो अंगणात होता. मी आत होतो, मला दिसत नव्हतं, माझ्या हातात काही नव्हतं. त्याला दिसत होतं आणि त्याच्या हातात होतं. माणसांत अशा माणसाला आपण काय म्हणतो, ते मला माहीत होतं, आणि तो शब्द मी स्वतःला मनातसुद्धा उच्चारू देत नव्हतो. प्रार्थनेला बसलो की त्या शब्दाभोवती फिरत राहायचो आणि उठायचो.

शुक्रवारी ताई, माझी मोठी बहीण, स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘शिरा करू की नको? सांग एकदाचं.’

‘कशाला शिरा?’

‘उपकारस्तुतीला गोड लागतं. सांत्वनाला नुसता चहा. मला रवा आणायला पाठवायचंय.’

‘तुला काय वाटतं?’

‘मला वाटून काय करायचंय? घर तुझं.’ ती दाराची कडी धरून उभी राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘साखर तिनंच आणवून ठेवली होती, बाबा. डबा भरलेला आहे. म्हणून विचारते.’

मी म्हणालो, चहा कर. ती आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

शनिवारी ऊन तापलेलं होतं. चारच्या भक्तीला पाळक साडेतीनलाच स्कूटरवर आले. ते वयानं माझ्याहून बरेच लहान आहेत. घाम पुसत त्यांनी मला कुलरमागे नेलं, त्याच्या आवाजात बोलणं इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

‘सर, कुठली घेऊ?’

‘काय कुठली?’

‘भक्ती. मी दोन्हीची तयारी केलीय. खरं सांगू, काल रात्रभर... सांत्वनाची घेऊ या ना. तुम्ही बसा. मी बोलतो.’

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात फाटक वाजलं. कळंबहून माझे एक चुलतमामा आले होते, हातात झेंडूचा भलामोठा हार आणि पेढ्यांचा खोका. त्यांना दुसरा निरोप मिळालाच नव्हता. ‘कुठं आहे आमची पेशंट?’ असं ते फाटकातूनच ओरडले. ‘हार घालायला मी पहिला!’ अंगणातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ताई धावत गेली, त्यांच्या दंडाला धरून तिनं त्यांच्या कानात काही सांगितलं. ते तिथेच पायरीवर बसले. हार त्यांच्या मांडीवर तसाच राहिला.

त्यांच्या मागून याडी आत आली. एकटीच होती. महागाववरून एसटीनं आली होती, चेहऱ्यावर धूळ होती. तिनं त्या हाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत जाऊन खिडकीखाली, बायकोचा पलंग जिथे होता तिथे खाली बसली.

पाळक अजून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, ‘जी ठरली होती तीच घ्या.’

असं का म्हणालो ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. श्रद्धा नव्हती ती. मला वाटतं, ती बाई उन्हातून एवढ्या लांब शब्द पाळायला आली होती, तिला दुसरंच काही दाखवायला मला लाज वाटली.

गाणी झाली. बायकोनंच निवडून ठेवलेली होती, सगळी आनंदाची, टाळ्यांची. टाळी कुणी वाजवली नाही. आनंदाचं गाणं टाळीशिवाय म्हटलं की किती लांब होतं ते मला त्या दिवशी कळलं. पाळकांनी वचन वाचलं, अगदी थोडकं. मग ते माझ्याकडे बघू लागले आणि मी उठलो.

मी सांगायला सुरुवात केली. नागपूरचा रिपोर्ट सांगितला. केबिनबाहेर ती कुणाच्या गळ्यात पडली ते सांगितलं. ठेच्याचं सांगितलं, जिभेला टाके नाहीत म्हणाली ते. दोघीतिघी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. तिला घरी आल्यावर भूक लागली हे देवानं चांगलं केलं, असं मी म्हणालो. तेवढं मला म्हणता आलं. खरं होतं ते. तिनं आईला फोन केला आणि आई येते म्हणाली, हेही चांगलं केलं, असं म्हणालो. मग रविवार सांगितला. ती उपासनेला जाऊ शकत नव्हती म्हणून घरीच गाणं म्हणत होती. त्यापुढे सोमवार होता. मी थांबलो.

कुलरचा आवाज येत होता. कुणीतरी हळूच आमेन म्हणालं, मला सोडवण्यासाठी. इतरांनी ते उचललं नाही.

‘पुढं सांगा ना,’ खिडकीखालून याडी म्हणाली.

सगळ्यांनी तिकडे बघितलं.

‘सांगा ना, जवाईबापू. इतवार झाला. मंग?’

‘पुढचं मला सांगता येत नाही, याडी.’

‘काहून? चांगलं केलं तेवढंच सांगता का इथं?’

मग तिनं छाटिया म्हणतात ती ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि ती रडायला लागली. बंजारा बायका मेलेल्या माणसाला उद्देशून रडतात, चालीवर, शब्द जोडत जोडत. ते रडणंही असतं आणि गाणंही. दफनभूमीत तिनं जे रोखून धरलं होतं ते आमच्या भक्तीच्या मधोमध सुटलं. मला निम्मं कळत होतं. लेकीला ती सांगत होती की तुला कडेवर घेऊन मी नाला ओलांडला, तुझा नर्सचा पांढरा ड्रेस मी नाल्यावर धुतला, तुला त्यांनी लेकरासारखं मातीत ठेवलं, अग्नी नाही दिला. आणि मग तिनं लेकीला विचारलं की तू ज्याला चांगला म्हणत होतीस तो तू पडलीस तेव्हा दारात आला होता का. ते तिनं परत परत विचारलं. चाल तीच, शब्द तेच.

पाळकांनी पुस्तक मिटलं. त्यांनी तिला थांबवलं नाही, आणि याबद्दल मी त्यांना कधी विसरणार नाही. मी उभाच होतो. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, आम्ही वधस्तंभाखाली उभ्या राहिलेल्या येशूच्या आईवर उपदेश ऐकतो. ती तिथे होती एवढंच लिहिलेलं आहे, ती काही म्हणाली असं कुठे लिहिलेलं नाही. मी ते इतकी वर्षं तिची सहनशीलता म्हणून वाचत आलो होतो. तिथे उभा असताना वाटलं, म्हणाली असेल. नक्की म्हणाली असेल, कुणी लिहून घेतलं नसेल. मग ताई उठली. ताईला आयुष्यात कुणाच्या गळ्यात पडून रडताना मी पाहिलेलं नाही. ती खिडकीखाली जाऊन बसली, याडीचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि दोघी रडल्या, एक गोरबोलीत आणि एक आमच्या मराठीत.

ते संपल्यावर कुणीच आमेन म्हणालं नाही. कशाला म्हणणार? माणसं एकेक करून उठली. चहा झाला. कळंबच्या मामांनी पेढ्यांचा खोका न उघडता ताईच्या हातात दिला.

याडी राहायला तयार नव्हती. सहाच्या गाडीसाठी मी तिला बसस्टँडवर नेलं. गाडी लागलेली होती. तिनं खिडकीजवळची जागा धरली आणि काचेतून वाकून म्हणाली, ‘जवाईबापू, एक विचारतो. तो ऐकते का असं?’

‘कोण?’

‘तुमचा. आमचं रडणं चालते का त्याले? का गोडगोडच लागते?’

‘ऐकतो,’ मी म्हणालो. आठवडाभरात मी न अडखळता बोललेलं ते एकच वाक्य असेल. कुठून आलं मला माहीत नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ‘ऐकलं,’ ती म्हणाली, ‘अन् मंग?’

कंडक्टरनं घंटी मारली. ती उत्तराची वाट बघत होती की नव्हती, ते मला सांगता येत नाही. गाडी आर्णी रोडकडे वळली तरी मी फलाटावरच होतो.

मी अजून तिथेच आहे, असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही. तो ऐकतो, इथपर्यंत माझा पाय टिकतो. त्यापुढे टाकला की खाली काही लागत नाही. रविवारी मी जातो. लोक उठून सांगतात, कुणाचा ताप उतरला, कुणाला विहिरीला पाणी लागलं. त्यांचं खरं असतं. मी मान खाली घालून ऐकतो आणि त्यांच्यासाठी आमेन म्हणतो. माझ्या वाटणीचं मला म्हणता येत नाही.

त्या दिवशी बसस्टँडवरून परत आलो तेव्हा घर रिकामं होतं. ताई आत पडली होती. पाळक एकटेच सतरंजी झाडून घडी घालत होते. मला बघून थांबले.

‘सर, शेवटचा आशीर्वाद राहिला. तो दिल्याशिवाय भक्ती संपत नाही. आपण दोघंच आहोत, उभ्याउभ्या देऊ का?’

मी दारात चप्पल काढत होतो. म्हणालो, ‘नको. राहू द्या.’

‘मग ती अर्धीच राहील.’

‘राहू द्या,’ मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, सतरंजीचं दुसरं टोक माझ्याकडे दिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती घडी केली.